उलटा प्रश्न

दस्तगीर मुजावरांनी आपलं नाव छापलेलं पाहिलं ते सकाळी साडेसातला, भट्टीत लाकडं टाकून झाल्यावर, हाताखालच्या सुप्रियाच्या टॅबवर. 'प्रश्नलेखक : द. मु. मुजावर, इचलकरंजी' असं अगदी मानानं लिहिलं होतं. वर प्रश्नही त्यांचाच होता, शब्दन् शब्द. उत्तर तेवढं चुकीचं होतं. चुकीचं म्हणजे एखादा मार्क जाईल इतपत चुकीचं नव्हे, माणूस मारेल इतकं चुकीचं.

"हे कुठनं आणलंस?" त्यांनी विचारलं.

"परवाना मंडळाच्या साइटवर हाय की, चाचा. मागच्या परीक्षेचे प्रश्न, उत्तरांसकट. तेच परत येतात म्हणून क्लासवाली पोरं पाठ कराल्यात."

प्रश्न असा होता : 'बॉयलर चालू आहे. पाण्याची काच कोरी दिसते. आधी काय कराल?' पर्याय अ : फीड पंप ताबडतोब चालू करा. पर्याय ब : काच सोडून आत पाणी आहे की नाही ते ठरवा, तोवर पंपाला हात लावू नका. पुढचे दोन पर्याय भरतीचे होते. सात वर्षांपूर्वी दस्तगीरांनी स्वतःच्या हातानं 'ब'वर खूण करून हा प्रश्न पुण्याला दिला होता. आता हिरवी खूण 'अ'समोर होती.

ज्यानं बॉयलर जवळून पाहिला नाही त्याला यात एवढं काय असं वाटेल, म्हणून सांगतो. बॉयलरच्या अंगावर एक उभी काचेची नळी असते. आत पाणी किती, ते तिच्यातल्या रेघेवरून कळतं. रेघच दिसेना झाली, म्हणजे काच कोरी झाली, तर त्याचे अर्थ दोन. एक, नळी वरपर्यंत भरलीय. दुसरा, नळी साफ रिकामी आहे. इचलकरंजीच्या बोअरच्या पाण्यानं काच आतून दुधाळ होते आणि भरलेली कुठली, रिकामी कुठली हे डोळ्यांना समजत नाही. रिकामी असेल तर आतलं लोखंड तापून लाल झालेलं असतं. त्यावर पंपानं गार पाणी सोडलं की त्याची डोळ्याचं पातं लवायच्या आत वाफ होते आणि बॉयलर छप्पर घेऊन जातो. म्हणून काच सोडायची. वरचा वाफेचा कॉक बंद करायचा, खालचा ड्रेन उघडायचा. पाणी आलं तर पाणी आहे. नुसती वाफ फुसफुसली तर आग ओढून काढायची आणि पंपाकडे बघायचंही नाही. दहा सेकंदांचं काम आहे, पण ते आधी करायचं असतं.

दस्तगीर मुजावरांची बत्तीस वर्षं बॉयलरवर गेली होती. त्यातली एकोणीस वर्षं ते मंडळाच्या प्रश्नलेखकांच्या यादीत होते. शाळा नववीपर्यंत. येत्या तीस नोव्हेंबरला ते चौगुल्यांच्या सायझिंगमधून, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यातून, निवृत्त होणार होते आणि त्यांच्या जागी सुप्रिया आवटीनं यावं एवढी एकच गोष्ट त्यांनी मनाशी धरली होती. पोरगी तीन वर्षं त्यांच्या हाताखाली होती. बॉयलरच्या आवाजावरून वाफ किती चढलीय ते सांगायची. पण कायद्यानं बॉयलर हातात घ्यायचा तर परवाना लागतो, आणि परवान्याच्या लेखी परीक्षेत ती दोनदा नापास झाली होती. एकदा सेहेचाळीस, एकदा अठ्ठेचाळीस. पास व्हायला पन्नास लागायचे. तिसरी आणि शेवटची संधी ऑक्टोबरात होती. तेव्हा जमलं नाही तर मालकांना दुसरा परवानाधारक आणणं भाग होतं.

"मी पुण्याला जाऊन येतो," दस्तगीर म्हणाले.

"फोन करा की."

"फोनवर यंत्र बोलतं. मला माणूस बघायचाय."

माणूस भेटला, पण तीन तास बाकावर बसवून. राज्य तांत्रिक परवाना मंडळाच्या चौथ्या मजल्यावर डॉ. केतकी उकिडवे नावाच्या बाई होत्या. परीक्षा कशा मोजायच्या याचं शास्त्र त्या शिकलेल्या. वय चाळिशीचं, बोलणं नीट, वागणं सभ्य. त्यांनी चहा मागवला. दस्तगीरांनी कपाला हात लावला नाही.

"मुजावरसाहेब, प्रश्न आता माणसं काढत नाहीत. 'निकष' काढतो, आणि तुमच्यासारख्यांचे जुने तपासून घेतो. तीन वर्षं झाली," त्या म्हणाल्या.

निकष हे यंत्र मुळात वाईट हेतूनं आलेलं नव्हतं, हेही सांगायला हवं. पूर्वी पेपर फुटायचे, ओळखीपाळखीनं प्रश्न बाहेर जायचे. शिवाय नवा प्रश्न चांगला की वाईट हे कळायला तो आधी माणसांना घालून बघावा लागायचा, म्हणजे पुन्हा फुटायची भीती. निकषनं यावर तोड काढली होती. आजवरच्या लाखो उत्तरपत्रिका त्याच्या पोटात घातल्या होत्या आणि त्यांतून त्यानं दहा हजार कृत्रिम उमेदवार तयार केले होते. कोण कसं चुकतं, कोण कुठे अडखळतं, हुशार पोरगं काय लिहितं आणि ढ काय लिहितं, हे सगळं ते उमेदवार हुबेहूब करून दाखवायचे. नवा प्रश्न त्यांना घातला की पाच मिनिटांत त्याची किंमत कळायची.

"किंमत म्हणजे?"

"भेदांक." उकिडवेंनी कागदावर दोन चौकोन काढले. "हा वरचा गट, ज्यांना एकूण परीक्षेत जास्त मार्क पडतात. हा खालचा. चांगला प्रश्न तो, ज्याचं उत्तर वरच्यांना येतं आणि खालच्यांना येत नाही. म्हणजे प्रश्न दोघांत भेद करतो. भेदांक जितका मोठा तितका प्रश्न चांगला. कधीकधी उलटं होतं. खालच्यांना येतं आणि वरच्यांना येत नाही. मग भेदांक शून्याच्या खाली जातो. त्याला आम्ही उलटा प्रश्न म्हणतो."

"माझा उलटा आला."

"मागच्या वर्षी निकषनं तपासला, तेव्हा उणे एकतीस. एवढा उलटा प्रश्न माझ्या तरी पाहण्यात नाही. वरचे जवळजवळ सगळे एकमुखानं 'अ' म्हणाले. अशा वेळी यंत्र असं धरतं की प्रश्न बरोबर आहे, उत्तरसूचीत छापताना चूक झालीय. आणि ती दुरुस्त करतं. शंभरातल्या नव्याण्णव वेळा खरंच छपाईची चूक असते, मुजावरसाहेब."

दस्तगीर थोडा वेळ त्या दोन चौकोनांकडे बघत राहिले. मग त्यांनी खालच्या चौकोनावर बोट ठेवलं.

"ही कोण, म्हाईत हाय का तुम्हाला? ही सायझिंगमध्ये राबणारी पोरं. सकाळी भट्टीसमोर, संध्याकाळी पुस्तकासमोर. त्यांना गुप्त उष्णतेची व्याख्या येत न्हाई, निरपेक्ष दाबाचं गणित येत न्हाई. पण काच कोरी झाली तर काय करायचं हे झोपेतनं उठवून विचारा. आणि वरची ती क्लासवाली. त्यांनी काच चित्रात बघितलीय. पाणी दिसंना तर पाणी घाला, एवढं सरळ त्यांचं डोकं चालतं. ज्याला ठाऊक हाय तो ढ, आणि ज्याला ठाऊक न्हाई तो हुशार. हे ठरवलं कुणी?"

"एकूण मार्कांवरून ठरतं."

"मार्क कोण देतं?"

"निकष."

"आणि निकषला कुणी शिकवलं?"

"आधीच्या उत्तरपत्रिकांनी," उकिडवे म्हणाल्या, आणि इथे त्यांचा आवाज जरा खाली आला.

"म्हणजे स्वतःच सवाल, स्वतःच जवाब, आणि वर स्वतःच पंच. बरं चाललंय की. आता दुरुस्त करा. प्रश्न माझा हाय, उत्तर मी सांगतो."

उकिडवेंनी एक कागद पुढे सरकवला. उत्तरसूची बदलायची विनंती फक्त पात्र प्रश्नलेखकच करू शकत होता. आणि पात्र प्रश्नलेखक म्हणजे ज्याला निकषच्या परीक्षेत सत्तर मार्क पडले तो. गेल्या वर्षी जुन्या यादीतल्या एकोणीस जणांना त्या परीक्षेला बसवलं होतं. सतरा नापास झाले. दस्तगीरांना एक्केचाळीस होते.

"मग माझं नाव काढा. मी लायक न्हाई ना? काढा नाव."

"ते निघत नाही. कायद्यानं प्रत्येक प्रश्नाखाली एका माणसाचं नाव लागतं. तुम्ही प्रश्न दिला तेव्हा तुम्ही पात्र होता, त्यामुळे नाव वैध आहे. उत्तर बदलायला मात्र आज पात्र असावं लागतं."

"बाई, तुम्हाला हे बोलताना काहीच वाटत न्हाई?"

उकिडवेंनी पेन खाली ठेवलं. "मला एक सांगा. 'ब' खरंच बरोबर आहे? तुमची खात्री आहे?"

तेव्हा दस्तगीरांनी त्यांना भूपाल आवटीचं सांगितलं. चौदा वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका सायझिंगमध्ये, सकाळच्या पाळीत. भूपाल काही कच्चा गडी नव्हता. नऊ वर्षं बॉयलरवर होता. पण त्या दिवशी काच कोरी दिसली आणि तो घाबरला, आणि घाबरलेल्या माणसाचा हात सरळ पंपाच्या बटणावर जातो. छप्पर शेजारच्या वाडीत सापडलं. भूपाल कसा सापडला ते दस्तगीरांनी सांगितलं नाही, कारण उचलणाऱ्यांत ते स्वतः होते. त्याची पोरगी तेव्हा बारा वर्षांची होती. "आता माझ्याजवळ कामाला हाय. सुप्रिया. तिसऱ्यांदा परीक्षा द्यायलीय. आणि तुमचं यंत्र तिला सांगतंय, तुझ्या बापानं केलं ते बरोबर होतं."

 उकिडवे त्यांना पोचवायला जिन्यापर्यंत आल्या. तिथे आजूबाजूला कुणी नाही हे पाहून म्हणाल्या, "निकष माणसाचं ऐकत नाही, पण वरच्या गटाचं ऐकतो. दर परीक्षेनंतर खऱ्या उत्तरपत्रिकांवरून तो पुन्हा हिशेब करतो, विभागवार. तुमच्या कोल्हापूर विभागात वरच्या गटातल्या निम्म्यांहून जास्त पोरांनी 'ब' लिहिलं, तर भेदांक सुलटा होईल आणि तो उत्तर आपोआप बदलेल. राज्यभर. मी हे तुम्हाला सांगितलेलं नाही."

म्हणजे ज्यांना काही ठाऊक नाही त्यांनाच आधी शिकवायचं, त्यांच्याकडून बरोबर लिहून घ्यायचं आणि त्यांच्या तोंडून यंत्राला शिकवायचं. परतीच्या एसटीत दस्तगीर खिडकीकडे तोंड करून एकटेच पुटपुटत होते. सातारा येईपर्यंत शेजारच्या माणसानं जागा बदलली होती.

विभागातली वरच्या मार्कांची पोरं बहुतेक एकाच क्लासची होती, इचलकरंजीतच. दस्तगीरांनी क्लासच्या सरांना हात जोडले आणि गुरुवारी, सायझिंग बंद असताना, चाळीस पोरं बॉयलर हाऊसमध्ये आणली. त्यांत पुढे होता तो तन्मय हजारे. डिप्लोमा झालेला, सरावाच्या प्रत्येक परीक्षेत नव्वदच्या वर. बॉयलर गार असूनही तो हात मागे बांधून लांबून बघत होता.

दस्तगीरांनी भाषण केलं नाही. सुप्रियानं भंगारातून दोन जुन्या काचा आणून ठेवल्या होत्या, दोन्ही आतून दुधाळ. एक तोंडापर्यंत पाण्यानं भरून दोन्हीकडून बूच मारलेली, दुसरी रिकामी, तिलाही बुचं. दोन्ही फळीवर शेजारी शेजारी उभ्या बांधल्या होत्या.

"कुठल्या काचेत पाणी हाय? लांबनंच सांगायचं. हात लावायचा न्हाई. खरा बॉयलर असला तर हात लावून बघायला ती नळी गार नसते."

पोरं पुढे झाली, वाकली, डोळे बारीक केले. अठरा जण डावी म्हणाले, बावीस उजवी. पाणी डावीत होतं.

"बावीस जणांचं छप्पर गेलं," दस्तगीर म्हणाले. "आणि ज्यांचं बरोबर आलं, त्यांनी अंदाज मारलाय. अंदाजावर बॉयलर चालत न्हाई."

 मग त्यांनी काच कशी सोडायची ते खऱ्या बॉयलरवर करून दाखवलं, प्रत्येकाकडून दोनदा करून घेतलं, आणि शेवटी परीक्षेतल्या त्या प्रश्नाचं सांगितलं. काहीच लपवलं नाही. 'ब' लिहिलंत तर यंत्र चूक धरणार, एक मार्क जाणार, हेही सांगितलं.

"सर, पण आम्हाला बरोबर माहीत असलं म्हणजे झालं ना?" एका पोरानं विचारलं. "परीक्षेत 'अ' लिहू, बॉयलरवर 'ब' करू."

"तू करशील. तुझ्यानंतर पाठ करून येणाऱ्याला कोण सांगणार हाय?"

थोडी कुजबुज झाली. तन्मय हजारे मघापासून त्या दोन काचांकडेच बघत होता. तो डावी म्हणणाऱ्यांत नव्हता. "मला एक मार्क परवडतो," तो म्हणाला. "ज्यांना सत्तरच्या वर पडतात त्या सगळ्यांना परवडतो. मी लिहीन 'ब'." मग त्याच्या मागोमाग आणखी हात वर झाले. सगळे नाही, पण बरेच.

पोरं गेल्यावर सुप्रिया काचा सोडवत होती. दस्तगीरांना तिच्याकडे बघवेना. जे बोलायचं होतं ते त्यांनी भट्टीच्या दाराकडे बघत बोलून टाकलं.

"पोरी, तू मात्र 'अ' लिही."

तिचे हात थांबले. "काय म्हणाला?"

"त्या पोरांना मार्क परवडतो. तुला न्हाई परवडत. तुझा एकेक मार्क मोजून हाय. तेवढी बारीक रेघ मार आणि मोकळी हो. परवाना हातात आला की मग खरं काय ते तू बॉयलरवर कर, मी काय नको म्हणालो व्हय?"

"त्यांना खरं लिहा म्हणालात, आणि मला खोटं?"

"व्हय. म्हणालो. लाज वाटत्या मला सांगताना, पण सांगतोय. पुस्तकाच्या एका रेघेपायी बॉयलर दुसऱ्याच्या हातात जाईल. मला ते बघवणार न्हाई."

"माझ्या बाबांनी 'अ' केलं, चाचा."

"ठाऊक हाय मला. मी उचललंय त्याला."

हे त्यांनी तिला चौदा वर्षांत कधी सांगितलं नव्हतं.  सुप्रियानं डाव्या काचेतलं पाणी ओतून टाकलं, दोन्ही काचा फडक्यात गुंडाळून भंगाराच्या पेटीत ठेवल्या, आणि घरी गेली. त्यानंतर परीक्षेपर्यंत तिनं तो विषय काढला नाही आणि दस्तगीरांचीही काढायची हिंमत झाली नाही. रोज डबा खाताना ते तिच्याकडून व्याख्या म्हणून घ्यायचे. गुप्त उष्णता, निरपेक्ष दाब, पाण्याचा कठीणपणा. ती म्हणायची, अडखळायची, पुन्हा म्हणायची. त्यांना वाटलं, पोरगी शहाणी आहे, ऐकेल.

निकाल वीस ऑक्टोबरला लागला. एकोणपन्नास.

दस्तगीरांनी तिच्या हातातून टॅब घेतला आणि उत्तरपत्रिका खाली खाली सरकवत नेली. तेहतिसावा प्रश्न त्यांचा होता. सुप्रियानं 'ब' लिहिलं होतं. समोर लाल फुली होती.

"तुला सांगितलं होतं ना मी," ते म्हणाले. आवाज चढला होता. "एवढं एक ऐकलं असतंस तर काय बिघडलं असतं? कुणाला दाखवायचं होतं? यंत्राला?"

"हात गेला न्हाई, चाचा," ती म्हणाली. "दोनदा गेला 'अ'कडं. मग न्हाई गेला."

दस्तगीर लाकडाच्या ढिगावर बसले. त्यांना तिचा राग आला होता, आणि रागावण्याचा आपल्याला काही एक अधिकार नाही हेही कळत होतं, त्यामुळे तो राग जास्तच चढत होता. कुणाच्या अंगावर काढावा ते कळेना.

त्याच दिवशी अकराच्या सुमाराला उकिडवेंचा फोन आला. बाईंच्या आवाजात आनंद होता. "मुजावरसाहेब, झालं. तुमच्या विभागात वरच्या गटातल्या चौसष्ट टक्के पोरांनी 'ब' लिहिलं. निकषनं सकाळी स्वतःच उत्तर बदललं. पुढच्या परीक्षेपासून राज्यभर 'ब' बरोबर."

"पुढच्या?"

"निकाल जाहीर झाल्यावर सूची बदलली तर ती पुढच्या परीक्षेपासून लागते. तसा नियम आहे."

"मग आमच्या पोरीचं काय? तिनं 'ब' लिहिलंय. एका मार्कानं गेली. त्या एकाच मार्कानं."

 पलीकडून कळफलकाचा आवाज आला, म्हणजे बाई तिचा पेपर उघडून बघत असाव्यात. "मी हरकत नोंदवते," त्या शेवटी म्हणाल्या. "समिती मार्चमध्ये बसते. आणि खरं सांगू का, लपवत नाही तुमच्यापासून. ती खालच्या गटात येते. खालच्या गटातल्या माणसानं 'ब' लिहिलं की भेदांक कमी होतो. तिचं उत्तर हिशेबात 'ब'च्या विरुद्ध धरलं गेलंय."

दस्तगीरांनी त्यांना हे पुन्हा एकदा सांगायला लावलं. दुसऱ्यांदा ऐकल्यावर ते नुसते हसले, ऐकणाऱ्याला बरं वाटू नये असं.

"आणखी एक आहे," उकिडवे म्हणाल्या. त्या आता घाईघाईनं बोलत होत्या. "उत्तर बदललं की प्रश्नाची नवी आवृत्ती धरली जाते. नव्या आवृत्तीखाली आज पात्र असलेल्याचं नाव लागतं. तुमचं नाव निघेल. यादीत जे दोघे पास आहेत त्यांच्यापैकी एकाचं लागेल."

"बाई," दस्तगीर म्हणाले, "उत्तर चूक होतं तवर माझं नाव चाललं. वर्षभर चाललं. माणसं मारायला माझं नाव लायक होतं. आता बरोबर झालं तर लगेच नाव काढताय?"

"मला मान्य आहे की..."

"तुम्हाला मान्य असून काय करायचं? यंत्राला मान्य हाय का ते विचारा." त्यांनी फोन ठेवला. जन्मात कधी बाईमाणसावर फोन आपटला नव्हता, तो त्या दिवशी आपटला.

मालक अण्णासाहेब चौगुले वाईट माणूस नव्हते. त्यांनी आठवडाभर इकडेतिकडे विचारून पाहिलं. पण बिनपरवान्याच्या माणसाच्या हातात बॉयलर देणं म्हणजे कारखान्याला टाळं, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि दस्तगीरांनाही. जाहिरात दिली. जो आला तो तन्मय हजारे होता. त्र्याण्णव मार्क, नवा कोरा परवाना. आल्या आल्या त्यानं सुप्रियाकडे बघितलं आणि मान खाली घातली. तिथे ही काम करते हे त्याला ठाऊक होतं, पण ही जागा तिची होती हे त्याला गेटवर वॉचमननं सांगितलं होतं.

तीस नोव्हेंबरला सकाळी नऊ वाजता ताबा द्यायचा होता. बॉयलर चालू होता, वाफेच्या दाबाचा काटा साडेसातावर. अण्णासाहेब रजिस्टर घेऊन आले. त्यात मजकूर छापील होता : 'वरील बॉयलर सुस्थितीत पात्र व्यक्तीच्या ताब्यात दिला.' खाली नाव, परवाना क्रमांक आणि दोन सह्यांच्या रेघा.

दस्तगीरांनी चष्मा लावला आणि ते वाक्य दोनदा वाचलं. मग खिशातलं पेन काढून त्यांनी नावाच्या रेघेवर सावकाश, एकेक अक्षर सुटं काढत लिहिलं : सुप्रिया भूपाल आवटी. परवाना क्रमांकाच्या जागी लिहिलं : नापास, एकोणपन्नास. खाली सही ठोकली.

अण्णासाहेबांनी वाकून पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. "चाचा, हे काय केलंत? इन्स्पेक्टरनं बघितलं तर पंचाईत होईल. मी काय सांगू त्याला?"

"माझं नाव सांगा. बत्तीस वर्षं हा बॉयलर सांभाळला मी. त्यात छापलंय, पात्र व्यक्ती. पात्र कोण ते मी लिहिलंय. खोटं लिहायला माझा बी हात जाईना."

"पण कायदा..."

"कायद्याला परवाना पायजे, तो या पोराचा हाय. भिंतीवर लावा त्याचा, फ्रेम करून लावा. खाली जागा हाय, त्याचं बी नाव घाला, माझी हरकत न्हाई. पण ताबा मी हिला दिलाय. कुणाला दुरुस्त करायचं आसंल तर त्यानं इथं यावं, माझ्यासमोर उभं राहून करावं. पुण्यात बसून न्हाई."

अण्णासाहेबांनी तन्मयकडे बघितलं. त्याला मुकाट्यानं उभं राहता आलं असतं. रजिस्टर फाडून नवं पान लिहा असंही म्हणता आलं असतं, आणि कायदा त्याच्याच बाजूचा होता. तो पुढे आला, पेन घेतलं, खालच्या मोकळ्या जागेत स्वतःचं नाव आणि परवाना क्रमांक लिहिला. त्याच्यापुढे 'शिकाऊ' असं लिहून त्यानं पेन सुप्रियाच्या हातात दिलं.

ती सही करत असताना भट्टीत लाकूड तडकलं. तिनं मान वर करून आधी काचेकडे पाहिलं, मग सही पुरी केली.

"या वर," ती तन्मयला म्हणाली. "गार असताना दोनदा सोडलीत काच. आता गरम हाय. हातमोजे घाला."

दस्तगीर दारापाशी उभं राहून ती दोघं शिडी चढताना बघत होते. डोळ्यांत पाणी होतं आणि रागही तसाच होता, तो काही उतरला नव्हता. मार्चला समिती बसणार होती. त्यांनी तेवढ्यातल्या तेवढ्यात ठरवलं की आपणही त्या दिवशी पुण्याला जायचं, चौथ्या मजल्यावर, आणि या वेळी बाकावर बसायचं नाही.